कढईपासून लांब

सोमवार, सहा जानेवारी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दीपमालानं लोखंडी उलथनं कढईच्या काठावर आडवं ठेवलं आणि ती भट्टीपुढून बाजूला झाली. कढईत बारा लिटर दूध होतं आणि ते वर यायला लागलं होतं.

"का गं?" सासू विठाबाईनं विचारलं.

"आजपासून मी भट्टीवर उभी ऱ्हाणार न्हाय, मामी."

दूध कुणासाठी थांबत नाही. विठाबाईनं पदर खोचला, उलथन्याच्या गरम दांड्याला फडकं गुंडाळलं आणि ढवळायला लागली. शेजारच्या कढईवर तिचा मुलगा इंद्रजित होता, दीपमालाचा नवरा. त्यानं मान वर केली नाही. पुढची चाळीस मिनिटं पत्र्याच्या शेडमध्ये फक्त लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज होता. दूध आटलं, दाटलं, कढईचा काठ सोडू लागलं. इंद्रजितनं दोन्ही कढया उतरवल्या. मग विठाबाई बोलली.

"आता सांग."

खरं तर हे सांगायचं इंद्रजितनं होतं. शनिवारी बार्शीच्या डॉक्टरांकडून येताना गाडीवर तसं ठरलं होतं. रविवारी लग्नाच्या घरचा खवा काढायचा होता. तो दिवसभर आईच्या शेजारी उभा होता आणि बोलला नाही.

घर भूम तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवर माळाला. दोन म्हशी घरच्या, बाकीचं दूध चार वस्त्यांवरून यायचं. सासरे उत्तरेश्वर ते मोपेडवर आणायचे. दिवसाला सहा कढया निघायच्या आणि खवा तुळजापूरच्या एका पेढेवाल्याकडं जायचा. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून दुसरी कढई दीपमालाची होती. दिवस राहिले तेव्हाही ती तिथंच उभी होती. गेल्या ऑगस्टमध्ये पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसलं की बाळाची पाठ मिटलेली नाही, कणा उघडा आहे. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं. गर्भ काढून टाकावा लागला.

विठाबाईचं म्हणणं होतं, दीपमालानं ग्रहणात विळी हातात धरली. हे तिनं तेव्हा एकदाच म्हटलं होतं. दीपमालाच्या ते डोक्यातून गेलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणले," दीपमालानं सांगितलं, "पुढच्या येळंला आधीपासून तयारी करा. पाठीची एक गोळी असती, ती दिवस ऱ्हायच्या आधी तीन महिने चालू पायजे. रक्त अकराच्या वर पायजे. आन भट्टीची धग नको. पोरगं पोटात हाय हे बाईला कळायच्या आधीच त्याची पाठ तयार होती म्हणं. मग कळल्यावर लांब होऊन काय उपेग? आत्ताच लांब व्हा म्हणले."

"म्हंजी माज्या भट्टीनं झालं म्हण की."

"तसं न्हाय म्हणले." इंद्रजितनं आता तोंड उघडलं. "म्या इचारलं. कशानं झालं ते सांगता येत न्हाय म्हणले. जे टाळता येतं ते टाळायचं."

"तू इचारलंस व्हय? मग दोन दिस तोंडात काय धरलं हुतंस?"

त्याच्या तोंडात गुटखा होता. तो बाहेर जाऊन थुंकून आला.

"म्या नववा लागेपतूर ह्याच कढईवर हुते," विठाबाई म्हणाली. "ह्याला काय झालं?"

उत्तरेश्वर तेवढ्यात दुधाचे कॅन घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मुलाकडं जरा वेळ बघितलं.

"काय झालं ते बघायलोयच की आपण," ते म्हणाले.

इंद्रजितला हसू आलं. विठाबाईला आलं नाही. "दोन कढया हैत. माजं मनगट कामातून गेलंय. कोण हालवणार?"

"म्या हालवतो."

"तुमी? आन गुडघं?"

"गुडघ्यानं हालवत्यात व्हय कुठं?"

"दूध कोण आणंल मग?"

"मी आणते," दीपमाला म्हणाली. "गाडी येती मला. कॅन उचलून लावायला ज्याचं दूध हाय त्यो हाय की."

विठाबाईनं उतरलेला खवा डब्यात दाबला, वर ओलं फडकं टाकलं. "करा काय करायचं ते," ती म्हणाली. "पर खवा लागला तर मला सांगू नगा."

*

बुधवारी दीपमाला आणि इंद्रजित आरोग्य उपकेंद्रात गेले. विठाबाई आपणहून बरोबर आली. उपकेंद्रावर शिवरंजनी मॅडम होत्या, उमरग्याकडच्या. घाईत असल्या की त्यांच्या तोंडून कानडी निसटायची. त्यांनी दीपमालाचं वजन केलं, एक्केचाळीस किलो. बोट टोचलं. रक्त आठ पूर्णांक एक.

"आठ?" विठाबाई म्हणाली. "आठ म्हंजी चांगलंच की. दुधाला आठ फॅट लागलं तर लोक नाव घेत्यात."

"म्हशीला चांगलं, मावशी. बाईला बारा पाहिजे. निदान अकरा."

शिवरंजनी मॅडमनी बार्शीच्या डॉक्टरांचा कागद वाचला, भट्टीवर आता कोण उभं राहतं तेही विचारून घेतलं. पाठीची पिवळी गोळी रोज एक, चुकवायची नाही. रक्ताच्या लाल गोळ्या रोज दोन. जंताची एक गोळी आजच इथं चावून खायची. वजन तीन-चार किलो वाढवायचं. हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे, गूळ, मटकी, खात असाल तर अंडं. उपवास बंद.

"मंगळवार आईचा हाय," विठाबाई म्हणाली. तुळजापूरची आई, हे सांगायची गरज नव्हती.

"आईला चालतंय. मी विचारलंय."

विठाबाईनं तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले.

"नवरा कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

इंद्रजित बाहेर गाडीवर बसला होता. त्याला आत बोलावलं. काट्यावर उभं केलं, हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. बाकड्यावर पाच-सहा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, लसीचा दिवस होता.

"गुटखा सोडायचा."

"म्या? पोटुशी ती ऱ्हाणार हाय की."

"अर्धं काम तुमचं आहे ना? का तेपण वडलांवर सोडलं?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही पण दिवसभर भट्टीपुढं असता. पुरुषांना पण ती धग सोसत नाही. मधून मधून बाहेर या, हवा घ्या. आणि हे." त्यांनी निरोधची पाकिटं टेबलावरून पुढं सरकवली. "तीन महिने घाई नाही. रक्त अकराच्या वर जाईपर्यंत नाहीच."

इंद्रजितनं पाकिटं न बघता खिशात कोंबली. दाराशी धुळाप्पा नातवाला कडेवर घेऊन उभा होता. त्याच्या वस्तीवरून यांच्याकडं दूध यायचं.

"इंद्रजित," तो म्हणाला, "कितवा लागला रं तुला?"

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

*

दीपमाला सकाळी साडेपाचला निघायची. कानाला स्कार्फ, वर नवऱ्याचं स्वेटर, मागं दोन कॅन. जानेवारीच्या थंडीत माळावर बोटं बधिर व्हायची, ब्रेक दाबलेला कळायचा नाही. पहिल्या दिवशी उतारावर ती गाडीसकट पडली. कॅन रिकामे होते. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, पण कॅनला पडलेला पोचा विठाबाईनं संध्याकाळी बघितला.

वस्त्यांवर लोक माप घालताना बोलायचे.

"सासरा कढईत, सून गाडीवर. जमाना आला."

"उद्या उत्तरेश्वर बापू भाकरी थापतील बघ."

"थापतात की," दीपमाला म्हणायची. "तुमच्यापरीस गोल. या जेवायला."

भट्टीवर उत्तरेश्वरांचे दिवस वाईट गेले. त्यांचा हात दमला की ते उलथनं मध्येच फिरवायचे, तळ राहून जायचा. पहिल्या आठवड्यात दोन कढया खाली लागल्या. जळका वास फडकं टाकूनही लपला नाही. तुळजापूरच्या पेढेवाल्यानं, मल्लिनाथनं, एक डबा तसाच परत पाठवला. परत आलेला डबा शेडच्या दारात तीन दिवस होता. विठाबाईनं तो उचलला नाही आणि कुणाला उचलूही दिला नाही.

"लागलाय व्हय?" उत्तरेश्वरांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"मला सांगू नगा म्हणलं हुतं न्हवं?" मग ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यांच्या हातावर हात ठेवून तिनं उलथनं तळातून ओढून दाखवलं. "असं. खालनं. चुलीला बगू नगा, तळाला बगा." लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. शेडमध्ये इंद्रजित होता, त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

भट्टीवर कोण उभं राहायचं हे हातून गेलं, पण गोळी विठाबाईनं आपल्या हातात घेतली. दीपमाला सकाळची खेप टाकून हातपाय धुऊन आली की विठाबाई पितळेचा मोठा पेला घेऊन समोर उभी असायची. कढईत ओतायच्या आधीचं सायीचं दूध, नुसतं कोमट केलेलं. दीपमालाला त्या लाल गोळीचा वास सहन व्हायचा नाही. गिळली की लोखंड चाटल्यासारखी ढेकर यायची. शौचाला काळं व्हायचं, दोन-दोन दिवस व्हायचंच नाही. विठाबाई आधी अर्धा पेला पाजायची, मग दोन्ही गोळ्या, मग उरलेलं दूध. शेवटी तोंड गोड व्हावं म्हणून लिंबाएवढा ताजा खवा.

"खा. रगत व्हायलंय त्यात."

दीपमाला खायची. ग्रहण आणि विळीचं बोलल्यापासून सासूनं इतक्या जवळ उभं राहून काही दिलं नव्हतं.

इंद्रजितनं गुटखा सोडला, असं त्यानं सांगितलं. जानेवारीत दोनदा पुडी सापडली, फेब्रुवारीत सापडली नाही. तो बडीशेप चघळायचा आणि सगळ्यांवर चिडायचा.

*

बारा फेब्रुवारी, बुधवार. बोट टोचलं. आठ पूर्णांक दोन.

शिवरंजनी मॅडमनी पुन्हा टोचलं, दुसऱ्या हाताचं. तेच.

दीपमाला बोटाला कापूस धरून बसून राहिली. पाच आठवडे ती थंडीत गाडी चालवत होती, सासऱ्यांच्या हातांवर भाजल्याचे डाग पडले होते, खवा परत आला होता. आकडा एका दशांशानं हलला होता.

"गोळ्या नकली असतील," विठाबाई म्हणाली.

"नाही, मावशी. याच गोळ्या सगळ्या गावाला आहेत. रिकामी पाकिटं आणलीत?"

आणली होती. सगळी रिकामी. पाळीत अंगावर जास्त जातं का? नाही. चहा किती? सकाळी एक, तोही गोळीच्या दीड-दोन तास आधी, गाडीवर जाताना.

"गोळी कधी घेता?"

"खेप टाकून आल्यावर. साडेसात."

"कशाबरोबर?"

दीपमालाच्या आधी विठाबाईच बोलली. तिचा आवाज जरा चढला, कारण ही गोष्ट तिची होती. "म्या सोता देते. तिच्यावर न्हाय सोडलं. नासकं तोंड करती. म्हून आधी दूध, मग गोळ्या, वरनं परत दूध. एवढा पेला. आन मग खवा. कढईत जायच्या आधीचं दूध, मॅडम, सायीसकट. घरच्या पुरुषाला कधी दिलं न्हाय तसलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"अय्यो, मावशी."

"काय झालं?"

"दूध या गोळीला अडवतं. लोखंड अंगात शिरू देत नाही. दूध, दही, खवा, चहा, गोळीबरोबर यातलं काही नाही. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. दूध द्याच, चांगलंच आहे ते, पण दोन तासांनी. माझं चुकलं, मी पहिल्या दिवशीच नीट सांगायला पाहिजे होतं. खव्याचं घर आहे हे मला माहीत होतं."

विठाबाईनं हिशेब केला. रोज दोन, पस्तीस दिवस. "सत्तर गोळ्या म्या दुधात घातल्या," ती म्हणाली.

"पिवळ्या गोळीचं काही बिघडलं नाही. ती दुधाबरोबर पण लागू होते. तुमचा महिना सगळा वाया नाही गेला."

विठाबाई हे ऐकत नव्हती.

परत जाताना ती दीपमालाच्या मागं गाडीवर बसली. सुनेच्या मागं बसायची ही तिची पहिलीच वेळ. तिनं एका हातानं सीटची कडा धरली होती. ओढ्याच्या पुलावर ती बोलली.

"भट्टी बी माजी, दूध बी माजं."

दीपमालानं गाडीचा वेग कमी केला. "मामी, दूध नसतं तर मी पहिल्याच दिवशी गोळी थुकली असती. सवय तुमच्या दुधानं लागली."

घराचा चढ लागला तेव्हा विठाबाईनं सीटची कडा सोडून सुनेच्या खांद्याला धरलं. चढ होता म्हणूनही असेल.

दोन दिवस पितळेचा पेला फडताळातून निघाला नाही. दीपमाला गोळ्या स्वतः घेत होती, पाण्याबरोबर; लिंबं घरात नव्हती आणि भूमचा आठवडी बाजार होऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी विठाबाई चपला घालून धुळाप्पाच्या विहिरीवर गेली. त्याच्याकडं लिंबाची दोन झाडं होती. इंद्रजितला 'कितवा लागला' म्हटल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"लिंबं दे."

"सरबताला व्हय? एवढ्या थंडीत?"

"सुनेच्या रगताला. दुधानं गोळी लागू व्हईना. म्या रोज दूधच पाजत हुते." सगळं तिनं एका दमात, त्याच्या बायकोच्या आणि दोन सुनांच्या समोर सांगितलं. "आता हस काय हसायचं ते."

धुळाप्पा हसला नाही. त्याची धाकटी सून गोठ्यापाशी उभी होती. तिनं विचारलं, "दुधाबरोबर न्हाय घ्यायची, मामी? मी बी तशीच घेते की."

दुसऱ्या दिवसापासून धुळाप्पा दुधाचा कॅन लावताना झाकणावर दोन लिंबं ठेवायला लागला. वाटेत ती पडत, म्हणून दीपमाला ती स्वेटरच्या खिशात टाकायची.

घरात घड्याळ होतं, पण विठाबाईचा त्यावर भरवसा नव्हता. तिनं आपलं माप बसवलं. लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी, मग तीन कढया उतरू द्यायच्या, मग दूध. एक कढई म्हणजे चाळीस मिनिटं. तिसरी कढई खाली आली की ती शेडमधूनच ओरडायची, "तिसरी उतरली गं!" आणि दीपमाला जिथं असेल तिथून दुधाला यायची. पण दोन्ही कढया एका वेळी उतरायच्या नाहीत. इंद्रजितच्या कढईवर मोजायचं ठरलं, कारण उत्तरेश्वरांची कढई पन्नास मिनिटं घ्यायची.

"तुमच्या कढईवर धरलं तर दूध दुपारी मिळंल पोरीला," विठाबाई म्हणाली.

"पर माजा खवा रवाळ असतो," उत्तरेश्वर म्हणाले. तोवर ते खरं झालं होतं.

बारा मार्च. नऊ पूर्णांक चार. शिवरंजनी मॅडमनी आकडा कागदावर लिहून विठाबाईच्या हातात दिला. विठाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद घडी करून कमरेला लावला.

*

दहा एप्रिल, गुरुवार. चैत्री पुनव शनिवारवर आली होती. तुळजापूरला गर्दी होणार म्हणून मल्लिनाथनं दुप्पट खवा मागितला होता, दोन दिवस बारा-बारा कढया. उन्हानं शेडचा पत्रा सकाळी नऊलाच तापायचा. आदल्या दिवशी दीपमालाचं रक्त तपासलं होतं, दहा पूर्णांक चार. वजन चव्वेचाळीस.

सकाळी आठला दूध उसळलं आणि उत्तरेश्वरांच्या उजव्या हातावर आलं, मनगटापासून कोपरापर्यंत. त्यांनी उलथनं सोडलं नाही. इंद्रजितनं ते ओढून घेतलं तेव्हा दांड्याला कातडी चिकटून आली. हात अर्धा तास पाण्यात धरला. मग इंद्रजित त्यांना आपल्या मोटारसायकलवर घालून उपकेंद्रात घेऊन गेला.

शेडमध्ये दोन कढया, चार कॅन दूध आणि विठाबाई एकटी. तिचं मनगट फडक्यानं बांधलेलं. तिनं एक कढई ओढून बाजूला घेतली, दुसरी ढवळायला लागली. बाजूच्या कढईतलं दूध निवायला लागलं.

दीपमाला जादा दुधाची खेप घेऊन आली. तिनं बघितलं, स्कार्फ काढला, पदर खोचला आणि सासऱ्यांचं उलथनं उचललं.

"ठेव," विठाबाई म्हणाली.

"मामी, एकच कढई. नासंल हे."

"ठेव म्हणलं न्हवं."

"आत्ता काय हाय त्यात? आत्ता आमी..." दीपमाला थांबली. "आत्ता दिवस ऱ्हायचा प्रश्नच न्हाय. मॅडमनी दिलंय ते हाय."

"ते म्या इचारलं न्हाय." विठाबाईचं ढवळणं थांबलं नव्हतं. तिच्या हनुवटीवरून घाम गळत होता, तो कढईत पडू नये म्हणून ती मान वाकडी करून उभी होती. "आज हुबारलीस की उद्या बी हुबारशील. पुनव झाली की लग्नसराई. मग परत कोण तुला सोडंल? म्या सोडंन? मला म्या वळखते. ठेव ते."

दीपमालानं उलथनं ठेवलं.

"फोन लाव मल्लिनाथला. आन धर माज्या कानाला."

दीपमालानं फोन लावून सासूच्या कानाला धरला. विठाबाई ढवळत बोलली.

"मल्लिनाथ, निम्माच खवा मिळंल."

पलीकडून मल्लिनाथचा आवाज बाहेर ऐकू येत होता. पुनव तोंडावर आली, आता सांगता, मी कुठं जाऊ. आजवर तुमच्याशिवाय कुणाचा घेतला नाही.

"घरात माणूस भाजलंय."

"सून आहे ना भट्टीवर?"

"सून भट्टीवर नसती."

"मग मी दुसरीकडून घेतो. आणि पुढं पण तिकडूनच घेतला तर बोलायचं नाही, विठाबाई."

"नगं बोलायला. बंद कर गं."

उरलेलं दूध दीपमालानं दोन खेपांत गावातल्या डेअरीवर नेऊन घातलं. दुसरी खेप गेली तेव्हा दूध फाटायच्या बेतात होतं. डेअरीवाल्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि घेतलं. पुनवेनंतर मल्लिनाथकडं निम्माच खवा जायला लागला, निम्मा त्यानं खरंच दुसऱ्याकडं लावला. तीन कढया कमी झाल्या. उत्तरेश्वरांचा हात महिनाभर बांधलेला होता, त्यामुळं त्या निघाल्याही नसत्या.

त्या महिन्यात विठाबाई आणि इंद्रजित आळीपाळीनं उभे राहिले. अर्धा तास एक, अर्धा तास दुसरा. मध्ये बाहेर येऊन लिंबाच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. तांब्या दीपमाला भरून ठेवायची.

*

चौदा मे, बुधवार. अकरा पूर्णांक एक. शिवरंजनी मॅडमनी या वेळीही दोनदा टोचलं. अकरा पूर्णांक शून्य. दोन्ही आकडे त्यांनी लिहिले.

बार्शीच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी साखर आणि थायरॉइडचे जुने कागद पुन्हा वाचून घेतले. सगळं ठीक होतं. पिवळी गोळी चालूच ठेवायची, दिवस राहिल्यावरसुद्धा. लाल गोळी चालू. आता थांबायचं कारण नाही, असं ते म्हणाले. खात्री मी देत नाही, असंही म्हणाले.

एकवीस मे, बुधवार, लसीचा दिवस. इंद्रजित एकटाच उपकेंद्रात आला. बाकड्यावर बाया होत्या. धुळाप्पाची धाकटी सूनही होती, लाल गोळ्या न्यायला आलेली. इंद्रजित सरळ टेबलापाशी गेला, खिशात हात घातला आणि निरोधची पाकिटं टेबलावर ठेवली.

"उरलेली," तो म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं. त्यानं मागं वळून बघितलं. "ज्यास्तीची हैत. कुणाला पायजेत तर घ्या," तो म्हणाला, आणि मग सगळ्याच बाया हसल्या, तोही हसला. त्याचे दात अजून लालच होते, पण तोंडात बडीशेप होती.

शिवरंजनी मॅडमनी पाकिटं मोजून पेटीत टाकली. रजिस्टरमध्ये दीपमालाच्या नावापुढं दोन रकाने होते, एक पाकिटं बंद केल्याचा, एक दिवस राहिल्याचा. पहिल्यात त्यांनी तारीख घातली. दुसरा मोकळा ठेवला.

सोमवार, सव्वीस मे. सकाळी सहाला विठाबाईनं चुन्याची डबी घेतली आणि शेडच्या जमिनीवर, कढईपासून पाच हातांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. उत्तरेश्वरांनी उलथनं घेतलं; त्यांच्या उजव्या हाताचं फडकं आता सुटलं होतं. हाताची नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत होती, तिला धग आधी कळायची, म्हणून ते डाव्या हातानं ढवळत होते.

सात वाजून पाच मिनिटांनी दीपमाला सकाळची खेप घेऊन आली. तिनं गाडी उभी केली, खिशातली दोन लिंबं खिडकीत ठेवली. रेघेपाशी येऊन थांबली आणि कॅनचं झाकण काढलं. इंद्रजितनं अलीकडं येऊन कॅन नेला.

दीपमालाचं वजन पंचेचाळीस किलो आहे. पाळीची पुढची तारीख सोळा जून.